घट्ट मापे आणि सैल मापे

मशीनशॉपमध्ये लेथजवळ टांगलेले ड्रॉइंग तुम्ही कधी जवळून पाहिले आहे का? आमच्या निघोज्यातल्या मुलांना ते नवे नाही. इंद्रायणीच्या काठचे हे मूळचे शेतकऱ्यांचे गाव आता चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात मोडते. घरोघरी कोणी ना कोणी कारखान्यात जाते आणि रात्रीच्या जेवणातही 'जॉब', 'गेज', 'रिजेक्शन' हे शब्द कानांवर पडतात. ड्रॉइंगवर समजा एका शाफ्टची आकृती आहे. एका ठिकाणी व्यास २५ मिलिमीटर लिहिला आहे आणि त्यापुढे बारीक अक्षरांत '+०, −०.०२' असे आहे. म्हणजे २५ पेक्षा जास्त मुळीच नको आणि कमी झालाच तर मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागापेक्षा जास्त नको. त्याच शाफ्टची लांबी १२० मिलिमीटर आहे आणि तिच्यापुढे '±०.५' आहे. इथे एकूण एक मिलिमीटरची मोकळीक!

एकाच वस्तूवर एक माप दुसऱ्यापेक्षा पन्नास पट घट्ट का? कारण जिथे व्यास घट्ट आहे तिथे बेअरिंग बसायचे आहे. लांबीच्या टोकाला काहीच बसायचे नाही. या मोकळिकीला कामगार 'टॉलरन्स' म्हणतात. कुशल कारागीर सगळीच मापे सारख्या जिवापाड सांभाळत बसत नाही. कोणते माप घट्ट आणि कोणते सैल हे तो आधी वाचतो.

आज हा शब्द मी चित्रकलेसाठी उसना घेणार आहे.

तुमच्या वहीच्या शेवटच्या पानावर काय असते ते शिक्षकांना चांगले ठाऊक असते. डोरेमॉन, छोटा भीम, चिंटू, क्वचित एखादा क्रिकेटपटू. ही आवडत्या पात्राची चित्रे काढताना दोन तक्रारी हमखास ऐकाव्या लागतात. चित्र थोडे वेगळे आले तर 'हुबेहूब नाही जमले', आणि हुबेहूब आले तर 'यात तुझे काय? ही तर नक्कल'. पहिली तक्रार ऐकून कितीतरी मुले सातवी-आठवीत पेन्सिल खाली ठेवतात. वास्तविक दोन्ही तक्रारींच्या मधे भरपूर मोकळी जागा आहे. पात्र चटकन ओळखू यावे आणि तरी रेषा आपली असावी, हे शक्य आहे. फक्त त्या पात्राची घट्ट मापे कोणती हे शोधून काढावे लागते. आणि शोधून काढणे म्हटले की ते विज्ञानाचे काम झाले.

आर. के. लक्ष्मण यांचा 'कॉमन मॅन' घेऊ. लक्ष्मण यांचा जन्म १९२१ साली म्हैसूरला झाला. १९४७ मध्ये ते मुंबईला 'टाइम्स ऑफ इंडिया'त आले आणि १९५१ पासून 'यू सेड इट' या छोट्या चौकटीत हा सामान्य माणूस दिसू लागला. त्याची जन्मकथा आपल्या दृष्टीने फार उपयोगी आहे. आरंभी लक्ष्मण आपल्या व्यंगचित्रांत भारताच्या निरनिराळ्या प्रांतांतली माणसे गर्दीने काढीत. पण वर्तमानपत्राला वेळ गाठायची असते. गर्दी कमी कमी होत गेली आणि शेवटी एकच माणूस उरला. म्हणजे हे पात्र वजाबाकीतून जन्मले! टक्कल, बाजूला केसांचे पांढरे झुबके, फुगीर नाक, त्यावर चष्मा, खाली जाड मिशी, कायम वर चढलेल्या भुवया, चौकडीचा कोट आणि धोतर. एवढ्या सामग्रीवर तो अर्धशतकाहून अधिक काळ टिकला.

१९८८ साली 'टाइम्स'च्या दीडशे वर्षांनिमित्त टपाल खात्याने काढलेल्या तिकिटावर तो आला. २००१ मध्ये पुण्याला सिंबायोसिस संस्थेत त्याचा पुतळा उभा राहिला. टपाल तिकिटावरची ती चिमुकली आकृती आणि तो पूर्णाकृती पुतळा यांची तुलना करा. आकार कितीतरी पटींनी बदलला. कागद गेला, शाई गेली, दोन मितींच्या तीन मिती झाल्या. लक्ष्मण यांच्या कुंचल्याची जाडबारीक रेषा, जी त्यांची खरी ओळख, ती तर पुतळ्यात राहूच शकत नाही. तरी ओळखायला क्षणही लागत नाही. मग टिकले काय? लांबी टिकली नाही, गुणोत्तरे टिकली. कपाळ चेहऱ्याच्या किती पट, नाक चष्म्याच्या मानाने केवढे, भुवया डोळ्यांपासून किती वर. भौतिकशास्त्रात आम्ही अशा संख्यांना मितीहीन म्हणतो. त्यांना सेंटिमीटर नाहीत, किलोग्रॅम नाहीत. चित्रातली घट्ट मापे बहुधा याच जातीची असतात.

आता सैल मापांकडे वळू. इथे एका जीवशास्त्रज्ञाची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. स्टीफन जे गूल्ड हे हार्वर्ड विद्यापीठातले जीवाश्मांचे अभ्यासक. १९७९ साली त्यांनी मिकी माऊसवर एक लेख लिहिला आणि त्यासाठी चक्क कॅलिपर घेऊन मिकीची वेगवेगळ्या काळांतली चित्रे मोजली! (प्रयोगशाळेत व्हर्निअर कॅलिपर कंटाळून हाताळणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी हे मुद्दाम सांगतो.) १९२८ साली पडद्यावर आलेला मिकी चांगलाच खोडकर, काहीसा दांडगटच होता. पुढच्या पन्नास वर्षांत तो सभ्य झाला आणि त्याची मापेही बदलली. डोळ्यांची उंची डोक्याच्या २७ टक्के होती, ती ४२ टक्क्यांवर गेली. डोके शरीराच्या ४२.७ टक्के होते, ते ४८.१ टक्के झाले. मोठे डोके आणि मोठे डोळे ही बाळाची लक्षणे. अशा रूपाकडे पाहून आपल्याला माया वाटते, हे कॉनराड लॉरेन्झ यांनी १९४३ सालीच मांडले होते. मिकी वयाने वाढत गेला आणि रूपाने लहान होत गेला!

आपल्याला हवा तो मुद्दा पुढे आहे. डोळे दीडपटीने वाढले तरी कोणी 'हा मिकी नव्हे' म्हणाले नाही. कारण त्याचे घट्ट माप डोळ्यांत नव्हतेच. ते कानांत होते. मिकीचे कान म्हणजे दोन काळी वर्तुळे. तो समोर पाहो की बाजूला, ती वर्तुळेच राहतात. खऱ्या उंदराने मान वळवली तर चकतीसारखा कान कडेने पाहिल्यामुळे लंबवर्तुळाकार दिसेल. चित्रकारांनी भूमितीचा हा नियम खुशाल मोडला, पण वर्तुळ मोडले नाही. डोळ्यांचा टॉलरन्स मोठा, कानांचा जवळजवळ शून्य.

कधी कधी घट्ट माप म्हणजे एखादी गोष्ट नसणे. डोरेमॉन हे यांत्रिक मांजर आहे, पण त्याला कान नाहीत. गोष्टीत ते उंदराने कुरतडले. तुम्ही त्याचा निळा रंग काढून नुसत्या काळ्या पेनने चित्र काढा, चालेल. पण हौसेने दोन कान चिकटवलेत तर ते कुठलेही मांजर होईल.

हे असे का घडते? आपल्या प्रत्येक डोळ्याच्या दृष्टिपटलात सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि ६० लाख शंकूपेशी असतात. पण मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिचेतेत तंतू जेमतेम दहा लाख. एवढी माहिती तशीच पाठवणे शक्य नाही. म्हणून डोळा तिथल्या तिथे निवड करतो. एकसारख्या उजेडाच्या भागाबद्दल फारसे कळवत नाही. उजेड जिथे एकदम बदलतो ती कड मात्र ठळक करून कळवतो. पुढे मेंदूत गेल्यावर काय होते ते डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी मांजरांवरील प्रयोगांत दाखवले: काही पेशी फक्त उभ्या रेषेला प्रतिसाद देतात, काही आडव्या, काही तिरप्या. या कामाबद्दल त्यांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. निसर्गात माणसाच्या गालाभोवती काळी रेघ कुठेच नसते. तरीही रेघांनी काढलेला माणूस आपल्याला माणूस वाटतो, कारण मेंदूकडे पोहोचणारा निरोप बराचसा तसाच असतो.

पण सगळ्या कडांना सारखे महत्त्व नाही. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील पवन सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली एक मजेदार निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यांनी प्रसिद्ध व्यक्तींच्या छायाचित्रांतून एकदा डोळे पुसले आणि एकदा भुवया. डोळे नसताना ओळखणे जेवढे अवघड गेले, त्याहून अधिक अवघड भुवया नसताना गेले. लक्ष्मण यांनी आपल्या माणसाच्या भुवया कायम वर चढवून ठेवल्या, त्या काही हा शोधनिबंध वाचून नव्हे. चांगल्या चित्रकाराला अशा गोष्टी निबंध लिहिले जाण्याच्या कितीतरी आधी उमगतात.

आता प्रयोग. साहित्य काय, तर कागद, पेन्सिल, पट्टी आणि न कंटाळणारे दहा मित्र.

पात्र निवडा. त्याचे मूळ चित्र समोर ठेवून शांतपणे पाहा. 'मला पाठ आहे' म्हणू नका. ओळखणे आणि आठवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शंका असेल तर रुपयाचे नाणे न पाहता त्यावरची आकृती कागदावर काढा आणि मग नाणे खिशातून बाहेर काढा. रोज हाताळलेली वस्तू, पण घट्ट मापेसुद्धा हुकलेली दिसतील.

पाहून झाले की पात्राची साधी आठ-दहा चित्रे काढा, आणि प्रत्येकात एकच बदल करा. एकात चष्मा नाही, एकात मिशी नाही, एकात धोतराऐवजी पॅन्ट, एकात कोटाची चौकडी गायब. एका वेळी एकच चल बदलायचा, बाकी सारे तसेच. प्रयोगशाळेतला नियम इथेही तोच. प्रत्येक मित्राला एकच चित्र दाखवा. एकदा ओळखल्यावर त्याची साक्ष पुढच्या चित्राला निरुपयोगी होते. 'हा कोण?' विचारा आणि ओळखायला किती सेकंद लागले ते लिहा. ज्या बदलाने मित्र अडखळला ते माप घट्ट. शिक्षकांनी वर्गातल्या चार तुकड्यांना चार पात्रे वाटून दिली तर एका तासात चांगला तक्ता तयार होतो, आणि ज्यांना चित्रकला येत नाही म्हणतात तीही मुले कामाला लागतात.

दुसरी कसोटी अंतराची. निरोगी डोळ्याला सुमारे एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनातले दोन बिंदू जेमतेम वेगळे दिसतात. दहा मीटर अंतरावर हा कोन साधारण तीन मिलिमीटरचा होतो. तेव्हा चित्र भिंतीला लावून दहा मीटर मागे जा. तीन मिलिमीटरहून बारीक असलेले सारे तपशील, म्हणजे कोटाची बारीक चौकडी, मिशीचे केस, सुरकुत्या, आता डोळ्यापर्यंत पोहोचतच नाहीत. तरीही पात्र ओळखू येत असेल तर त्याची ओळख त्या तपशिलांत नव्हती. जागा नसेल तर डोळे किलकिले करून पाहा. बेल प्रयोगशाळेतील लिऑन हार्मन यांनी १९७३ साली अब्राहम लिंकन यांचे चित्र थोड्याशा करड्या चौकोनांत बसवून हीच गंमत दाखवली होती. जवळून नुसत्या फरश्या, लांबून लिंकन.

तिसरी कसोटी आकड्यांची, आणि मला सर्वांत आवडणारी. १९८० नंतरच्या काही वर्षांत सुझन ब्रेनन यांनी संगणकाला व्यंगचित्र काढायला शिकवले. तत्त्व सातवीच्या गणिताचे आहे:

नवे माप = सरासरी + क × (मूळ माप − सरासरी)

समजा, सामान्य चेहऱ्यात कपाळाची उंची चेहऱ्याच्या ३३ टक्के आहे आणि तुमच्या टकल्या पात्रात ४५. फरक १२. क = १ घेतला तर ४५, म्हणजे मूळ चित्र. क = १.५ घेतला तर ३३ + १८ = ५१; टक्कल जास्तच चकाकू लागले. क = ०.५ घेतला तर ३९. आता तो कोणाच्याही काकांसारखा दिसू लागेल. आणि क = ० म्हणजे ३३, निव्वळ सरासरी, कोणीच नाही! १९८७ साली जिलियन रोड्स, ब्रेनन आणि सुझन केरी यांनी ओळखीच्या माणसांची रेखाचित्रे अशा रीतीने बदलून दाखवली, तेव्हा फरक वाढवलेली चित्रे लोकांनी हुबेहूब रेखाचित्रांहूनही लवकर ओळखली. 'हुबेहूब'चा आग्रह धरणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

या सूत्रातला 'सरासरी' हा शब्द मात्र जपून वापरायचा, कारण सरासरी कोणाची हा प्रश्न उरतोच. कॉमन मॅनचे धोतर, मिशी आणि चष्मा एवढेच धरून चित्र काढाल तर मुंबईच्या कचेरीत तो उठून दिसेल, पण निघोज्याच्या पारावर? तिथे धोतर, मिशी आणि चष्मा हीच जुनी सरासरी. इथे त्याला वेगळे काढतो तो धोतरावरचा चौकडीचा कोट आणि उघडे डोके. त्याच्या डोक्यावर पांढरी टोपी चढवून पाहा. बाकी एकही रेषा न बदलता तो खेड तालुक्यातला कोणाचा तरी आजोबा होतो.

मशीनशॉपमधला आणखी एक अनुभव इथे लागू पडतो. प्रत्येक भाग आपापल्या मर्यादेत असतो, पण सगळेच एका बाजूला झुकलेले असले की जोडणीच्या वेळी जॉब बसत नाही. चुका साठत जातात. चित्रात एक सैल माप भरपूर ताणा, दोन ताणा. पण रंग, पोशाख, उंची, उभे राहण्याची ढब सगळे एकदम बदललेत तर प्रत्येक बदल किरकोळ असूनही पात्र हातून निसटते.

आणि काही घट्ट मापे पट्टीने मोजता येत नाहीत. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन बोलत नाही. त्याच्याभोवती मंत्री बोलतात, अधिकारी बोलतात, त्याची बायको बोलते. तो पाहत राहतो. त्याच्या तोंडाजवळ फुगा काढून त्यात चार टाळीची वाक्ये घातलीत तर भुवया, चष्मा, कोट सारे बरोबर असूनही तो दुसराच कोणी होईल. चिंटूच्या बाबतीतही हे तपासून पाहा. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा हा मुलगा १९९१ पासून 'सकाळ'च्या वाचकांच्या परिचयाचा झाला. त्याला एका चित्रात शहाण्यासारखा, न कुरकुरता अभ्यास करताना दाखवा आणि मित्रांना विचारा, हा चिंटू वाटतो का?

घट्ट मापांची यादी हाती आली की उरलेले सारे तुमचे. कोणी वारलीच्या काड्यांनी कॉमन मॅन काढील, कोणी फक्त कंपासने, कोणी बॉलपेनच्या ठिपक्यांनी. चौकोन आखून नक्कल करण्यालाही माझा विरोध नाही. हात वळणावर यायला ती कसरत बरी. पण चौकोनाच्या पद्धतीत प्रत्येक घरातली रेषा सारख्याच महत्त्वाची ठरते, आणि घट्ट काय, सैल काय हा विचार करायची वेळच येत नाही. हल्ली मोबाइलही एका बोटात कोणतेही चित्र कोणत्याही शैलीत बदलून देतो. ते पाहायला मजा येते, पण निवड यंत्राने केलेली असते. स्वतः लक्ष्मण लहानपणी डेव्हिड लो या व्यंगचित्रकाराच्या चित्रांवर लुब्ध होते. सहीतले 'लो' हे अक्षर ते कितीतरी दिवस 'काऊ' असे वाचीत. पुढे त्यांची रेषा त्यांचीच झाली.

कायद्याचेही थोडे. भारतात चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. लक्ष्मण यांचे निधन २६ जानेवारी २०१५ रोजी पुण्यात झाले. वर्षे पुढच्या जानेवारीपासून मोजतात, तेव्हा हिशोब २०७५ अखेरपर्यंत जातो. अमेरिकेत १९२८ सालचा तो पहिला खोडकर मिकी १ जानेवारी २०२४ रोजी सर्वांसाठी खुला झाला, नंतरची रूपे नाहीत. वहीत, वर्गात, अभ्यासासाठी काढायला कोणाची आडकाठी नाही. टी-शर्टवर छापून विकायचे असेल तर मात्र परवानगी हवी. चित्राखाली मूळ चित्रकाराचे नाव लिहावे, आणि शेजारी आपले.

आता एक कोडे. कारखान्याच्या भंगारातून तांब्याची किंवा पोलादाची बारीक तार सहज मिळते. एकाच अखंड तारेचा, कुठेही न तोडता, कॉमन मॅनचा चेहरा वाकवायचा आहे. टकलाची कमान सोपी. चष्म्याची दोन वर्तुळे मधल्या दांडीने जोडलेलीच असतात. नाकावरून मिशीत उतरता येते. अडचण भुवयांची: त्या चेहऱ्यात कशालाच चिकटलेल्या नाहीत, वर अधांतरी आहेत, आणि त्याच तर घट्ट माप आहेत. जोडणारी तार दिसली तर कपाळावर आठी उमटते आणि त्याचे ते आश्चर्य रागात बदलते. मी तार चष्म्याच्या मागच्या बाजूने वळवून, समोरून दिसणार नाही अशी वर नेऊन पाहिली. समोरून जमते, पण मान थोडी वाकडी करून पाहिले की आठी परत येते. तुमच्याकडे याहून चांगली वाट असेल तर तार घ्या आणि करून पाहा.